बेपूरचा सुलतान

वैकमजवळच्या तलयोलपरंबु गावात १९०८ साली जन्मलेले, ‘बेपूरचा सुलतान’ म्हणून ओळखले जाणारे मल्याळम लेखक वैकम मुहम्मद बशीर शाळकरी वयातच घर सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला, पुढे वर्षानुवर्षे देशभर भटकले. एर्नाकुलममध्ये स्वतःची पुस्तके दारोदार विकली. ग्रांथिक मल्याळम बाजूला सारून त्यांनी मुसलमान घरांतली, बाजारातली बोली कादंबरीत आणली. हे धाडस त्यांना मिळालेल्या कुठल्याही सन्मानापेक्षा मोठे.

त्यांच्या ‘मतिलुकल’ या कादंबरीत तुरुंगाच्या भिंतीपलीकडची नारायणी आपण आल्याची खूण म्हणून वाळकी फांदी वर फेकते. ती फांदी दिसली की अलीकडच्या कैद्याचा जीव भिंतीकडे धाव घेतो. दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नाही. भेटीचा दिवस ठरतो आणि नेमका सुटकेचा हुकूम हाती पडतो. केवढी व्यथा, आणि तीही किती थोडक्या पानांत!

बशीर यांना १९८२ मध्ये पद्मश्री मिळाली, ज्ञानपीठ मात्र कधीच नाही. ही खंत आजही वाटते. ५ जुलै १९९४ रोजी बेपूरला त्यांचे निधन झाले. मराठी वाचकांनी त्यांचे एखादे तरी पुस्तक मिळवून वाचावे, आणि सुरुवात ‘मतिलुकल’पासून करावी.