उदाहरण : एक बेवारस वाङ्मयप्रकार

मराठी विद्यार्थी ज्याच्यापाशी रोज संध्याकाळी तास तास बसतो, ज्याची चार वाक्ये दहा वेळा वाचतो, आणि तरीही ज्याच्याकडे मराठीच्या अभ्यासकांनी गद्य म्हणून क्वचितच पाहिले, असा एक वाङ्मयप्रकार आहे : भौतिकशास्त्राचे उदाहरण. एक परिस्थिती, काही ज्ञात राशी, एक दडवलेली राशी आणि शेवटी ‘काढा’ अशी आज्ञा, एवढाच त्याचा ऐवज. आपण विज्ञानकथेवर परिसंवाद घेतले, ललित विज्ञानलेखनाचे गोडवे गायले. गृहपाठाच्या वहीतले हे गद्य मात्र ‘ते विज्ञानवाल्यांचे’ म्हणून सोडून दिले. ही विभागणी आपल्या सोयीची आहे. तिची किंमत मात्र वेरूळसारख्या गावातला अकरावीचा विद्यार्थी भरतो.

ही किंमत कोणती ते पाहू. मराठी माध्यमातून शिकलेला हा मुलगा दहावीपर्यंत ‘विद्युतधारा’, ‘विभवांतर’, ‘रोध’, ‘एकसर जोडणी’ या शब्दांत उदाहरणे सोडवतो. अकरावी विज्ञानाला गेला की भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत येते. तोच विद्युतघट, तीच तार, तोच ओहमचा नियम. बदललेले असते ते फक्त वाक्य. उत्तर चुकले की आपण म्हणतो, पोरगा फिजिक्समध्ये कच्चा आहे. पुष्कळदा तो कच्चा असतो वाचनात. ‘जर’ कुठे संपला आणि ‘तर’ कुठे सुरू झाला हे त्याला परक्या वाक्यात उमगलेले नसते. यातला विरोधाभास असा की 2021 पासून जेईई मेन ही परीक्षा मराठीतूनही देता येते. म्हणजे परीक्षेच्या दारात प्रश्न मराठीत भेटणार. त्याआधीची दोन वर्षे ज्या पुस्तकात काढायची ते मराठीत नाही.

आणि मराठीत होते तेव्हा तरी त्या वाक्यांची निगा कुणी राखली? ‘बल’, ‘शक्ती’, ‘ऊर्जा’, ‘कार्य’ हे शब्द आपल्या निबंधांत एकमेकांच्या जागी सर्रास वावरतात. भौतिकशास्त्रात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. आणि डोक्यावर पोते घेऊन तासभर उभ्या असलेल्या हमालाने त्या पोत्यावर केलेले कार्य शून्य. घाम गाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला शून्य का येते, हा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहतो तो शब्दार्थाचा प्रश्न असतो, आणि तो सोडवण्याची साधने मराठीच्या तासाला असतात. ‘घर्षणाकडे दुर्लक्ष करा’ आणि ‘घर्षण नगण्य माना’ ही दोन वाक्येही एक नव्हेत. पहिल्यात बेफिकिरी आहे, दुसऱ्यात जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. अर्धवाहकांच्या धड्यात तर ‘होल’ भेटतो. तो भोक नव्हे. इलेक्ट्रॉन नसलेली जागा, जी धनप्रभार असलेल्या कणासारखी सरकते. एसटीत पुढची जागा रिकामी झाली आणि एकेक प्रवासी पुढे सरकला की रिकामी जागा मागे मागे जाते, तसे. नसण्याला असण्याचा दर्जा देणारी ही कल्पना साहित्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागू नये. पण तिच्याशी त्याची गाठच घालून दिली जात नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एकच शब्द आहे : ‘समजा’. गोष्टही तिथून सुरू होते आणि उदाहरणही. वेरूळच्या कैलास लेण्याचेच घ्या. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत नेऊन हे मंदिर घडले. आपण त्याला ‘अद्भुत’, ‘अलौकिक’ अशी विशेषणे वाहिली. उदाहरण मात्र घातले नाही. किती दगड काढला असेल? समजा, खाच 80 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद आहे. डोंगर उतरता असल्याने सरासरी खोली 25 मीटर धरू. घनफळ 90,000 घनमीटर. बेसॉल्टच्या एका घनमीटरचे वस्तुमान सुमारे 3 टन, म्हणजे 2,70,000 टन. त्यातून मध्ये उभे राहिलेले मंदिर वजा करायचे. खोली 25 ऐवजी 20 का धरू नये, यावर वर्गात वाद होऊ शकतो आणि तो व्हावा. विशेषणांवर असा वाद होत नाही.

हे काम आपल्या परंपरेला परके होते असेही नाही. वेरूळहून कन्नडमार्गे औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, आणि त्याच्याजवळ पाटण. इ. स. 1150 मध्ये ‘लीलावती’ रचणाऱ्या भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला. ‘लीलावती’तली उदाहरणे ही पद्ये आहेत. नऊ हात खांबावरचा मोर सत्तावीस हातांवरून बिळाकडे येणाऱ्या सापावर झेपावतो. दोघे सारखेच अंतर कापतात, तर गाठ कुठे पडेल? बिळापासून बारा हातांवर. गणित आणि काव्य यांची फारकत तिथे झालेली नव्हती. भाषांची मात्र झाली होती. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या पाटणच्या शके 1128 च्या शिलालेखात मठाची आणि विद्येची थोरवी संस्कृतात आहे. मठाला कुणी काय द्यायचे हा तपशील तेवढा मराठीत. विद्या दुसऱ्या भाषेत आणि देण्याघेण्याचा हिशेब मराठीत, ही वाटणी आठशे वर्षांची आहे. ती आजही तशीच चालवून वर मराठीच्या वैभवाची भाषणे करायची, हे मला मान्य नाही.

कुणी म्हणेल, परिभाषा तयार केली होती, ती चालली नाही. खरे आहे, कारण आपण शब्द दिले, वाक्ये दिली नाहीत. 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने कोश केले. त्यांतले ‘रोहित्र’ वर्तमानपत्रात जगले, कारण ‘रोहित्र जळाले’ हे वाक्य त्याला मिळाले. गावाने तर आपली परिभाषा कधीच घडवली आहे : डीपी, फेज, लोड, स्टार्टर. तिच्यात उदाहरण लिहून पाहा. विजेच्या खांबावर 230 व्होल्ट आहेत. विहिरीवरच्या मोटारीपर्यंत टाकलेल्या केबलचा, जाणारी-येणारी तार मिळून, रोध 3 ओहम. मोटार 10 अँपिअर ओढते. तारेतच 30 व्होल्ट खर्ची पडले. मोटारीला ढोबळमानाने 200 मिळाले, आणि 300 वॅट उष्णता वाटेत गेली. आता खांबावरचाच दाब उतरला. तेवढेच पाणी उपसायला मोटार 12 अँपिअर ओढू लागली, तर तारेतली उष्णता 432 वॅट होते, कारण ती धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. मोटारीच्या आतल्या वेटोळ्यांतही तेच घडते. ‘व्होल्टेज कमी असलं की मोटार जळते’ हे घरी ऐकलेले वाक्य आणि वहीतले समीकरण इथे प्रथमच एकमेकांना ओळखतात.

दुसरा आक्षेप : समीकरणाला भाषा नसते. समीकरणाला नसेल, पण वाक्यापासून समीकरणापर्यंतची वाट भाषेतूनच जाते, आणि मुले अडतात ती त्या वाटेवर. तिसरा : इंग्रजीवाचून तरणोपाय नाही. मग शिकवा इंग्रजी, उत्तम शिकवा. उदाहरणात काय दिले आहे आणि काय विचारले आहे हे ज्याला आपल्या भाषेत सांगता येते, तो तेच इंग्रजीत लवकर ओळखेल. ज्याला कुठल्याच भाषेत सांगता येत नाही, तो सूत्र पाठ करून आकडे भरेल. आपण आज घडवतो आहोत तो हा दुसरा.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आनंदच आहे, पण तो दर्जा गतकाळाच्या पुराव्यांवर मिळाला. आजच्या वहीतल्या वाक्यांचे उत्तरदायित्व आपल्यावर आहे. म्हणून मराठी विभागांपुढे एक साधी मागणी ठेवतो. एम. ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने अकरावीच्या भौतिकशास्त्रातली पाच उदाहरणे मराठीत लिहावीत. एकदा वाचून दहावी झालेल्या मुलाला कळतील अशी. ती भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने तपासावीत आणि वेरूळ-खुलताबादच्या मुलांनी सोडवून पाहावीत. अडलेले प्रत्येक वाक्य पुन्हा लिहावे. या कामाला गुण द्यावेत, तेही एखाद्या कादंबरीच्या रसग्रहणाइतकेच. हे आपले काम नव्हे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते कुणाचे आहे तेवढे सांगावे.