स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी... पण नेमकं किती?

बेंगळुरूत आलेल्या माणसाला आठवडाभरात कन्नडचं एक वाक्य येतंच: 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी'. म्हणजे थोडं सांभाळून घ्या. बसमध्ये सरकून बसायला सांगायचं असो की जयनगर फोर्थ ब्लॉकच्या कॉम्प्लेक्सबाहेर स्कूटर शिरवायला चार बोटं जागा हवी असो, हे वाक्य कामाला येतं. आज आपण ते गाडीच्या इंजिनाला लावून बघू या. फरक एवढाच की इथलं 'थोडं' म्हणजे 0.05 मिलिमीटर!

जयनगर वसवायला सुरुवात झाली 1948 साली. इथल्या जुन्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये अजूनही एखादी जुनी मोटरसायकल कव्हर घालून उभी दिसते. तुमच्याही घरी असेल. बाबांची सीडी 100, काकांची स्प्लेंडर, आजोबांची बुलेट. कुणीतरी ती चालू करतं आणि घरातलं दुसरं कुणीतरी म्हणतं, "अगं, हिचा टिकटिक आवाज केवढा येतोय!" गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक कान देऊन सांगतो, "टॅपेट साउंड बरता इदे." टॅपेटचा आवाज येतोय. इथपर्यंत सगळं ठीक. गडबड होते ती आपल्या पुढच्या वाक्याने: "आवाज पूर्ण बंद करून द्या."

हा आवाज असतो कशाचा?

आधी आपली गाडी ओळखू या. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या जावा-येझदी आणि यामाहा आरएक्स 100 या गाड्या टू-स्ट्रोक. त्यांना असे व्हॉल्व्हच नसतात, त्यामुळे टॅपेटचा प्रश्नच नाही. 1985 साली आलेली हिरो होंडा सीडी 100 मात्र फोर-स्ट्रोक. तिची 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही जाहिरात आठवते का? ती पेट्रोलबद्दल होती. घरोघरी लोक टॅपेटही विसरून गेले!

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यात कमीत कमी दोन व्हॉल्व्ह असतात. एक पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेतो, दुसरा जळालेला वायू बाहेर सोडतो. त्यांना दाबून उघडणारा छोटा दांडा म्हणजे रॉकर. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, व्हॉल्व्हची दांडी किंचित लांब होते. ती वाढ सामावून घ्यायला ही जागा.

इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. दर वेळी रॉकर ती फट ओलांडून व्हॉल्व्हवर आपटतो. हीच ती टिकटिक. हलकी, एकसारखी टिकटिक म्हणजे फट शिल्लक आहे, ही खूण आहे.

शांत झालेली गाडी आजारी असू शकते

फट वाढली तर आवाज वाढतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो, गाडीचा दम थोडा कमी होतो. हे त्रासाचं आहे, पण गाडी ओरडून सांगते तरी.

फट संपली तर मात्र गाडी गप्प होते. तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. जळता वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः मिटलेला असताना, ज्या कडेवर टेकतो त्या कडेला देतो. टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? व्हॉल्व्हची कड हळूहळू जळते. मग गाडी गरम असताना स्टार्ट व्हायला त्रास देते, सिग्नलला बंद पडते, चढावर धापा टाकते. शेवटी इंजिनाचं हेड उघडावं लागतं आणि पाच-दहा मिनिटांच्या कामाच्या जागी मोठं बिल येतं.

जुन्या गाडीत ही फट आपोआपही कमी होते. वर्षानुवर्षं आपटून व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल रुतत जातो आणि त्याचं दुसरं टोक रॉकरच्या जवळ सरकतं. म्हणून 'आवाज नाही, म्हणजे सगळं छान' असं समजू नका. मोजा.

मोजायचं कशाने?

हत्यारं चारच लागतात.

*फिलर गेज.* चाकूच्या पात्यांसारखी पोलादी पट्ट्यांची जुडी. प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली असते. घेताना सर्वांत पातळ पट्टी 0.05 मिमीची आहे ना, हे बघा. 100-150 सीसीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांची फट 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. एक्झॉस्टचा आकडा कधी कधी थोडा जास्त असतो, कारण तो जास्त तापतो. अंदाज हवा असेल तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो. दाढीचं जुन्या पद्धतीचं ब्लेडही तेवढंच, म्हणून काही जुने मेकॅनिक त्याचा तुकडा वापरत.

*रिंग पाना.* लॉकनटसाठी. गाडीप्रमाणे 8, 9 किंवा 10 मिमीचा.

*टॅपेट की.* अनेक गाड्यांत फट कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूचं डोकं चौकोनी असतं, 3 किंवा 4 मिमीचं. पक्कड लावली की ते चौकोनी डोकं गोल होतं आणि मग कुणालाच फिरत नाही. म्हणून त्याची खास की घ्या. लॉकनटचा सॉकेट आणि मधून जाणारी की, असं जोडहत्यारही मिळतं.

*टोपणांचा मोठा पाना.* आपल्याच गाडीच्या टोपणाला नीट बसेल असा. सैल पान्याने ॲल्युमिनियमचे आटे जातात.

रविवार सकाळचं काम

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. लालबागेची फेरी मारून आल्यावर नको!

स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. टॅपेटची टोपणं आणि मॅग्नेटच्या बाजूच्या टोप्या उघडा. पाना लावून इंजिन हळूहळू, चालताना फिरतं त्याच दिशेने फिरवा आणि चाकावरची 'टी' खूण खाचेसमोर आणा. 'एफ' नव्हे, 'टी'. आता दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात का बघा. हलत नसतील तर पूर्ण एक फेरा द्या आणि पुन्हा खूण जुळवा.

योग्य जाडीची पट्टी फटीत सरकवा. जाड पुस्तकाखालून कागद ओढताना जेवढी अडकते, तेवढी अडकली पाहिजे. पुढची जाड पट्टी शिरता कामा नये. बदल हवा असेल तर लॉकनट सैल करा, स्क्रू जुळवा, तो धरून ठेवून नट आवळा. आणि पुन्हा मोजा, कारण नट आवळताना फट हमखास बदलते. टोपणाखालची रबरी रिंग चिरली असेल तर नवी घाला, नाहीतर तेल गळेल.

घरात शाळकरी मुलं असतील तर पट्टी त्यांच्या हातात द्या. 'उष्णतेने धातू प्रसरण पावतो' हे वाक्य पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

गेजही फसवतं

जुन्या गाडीत एक खोच असते. व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटून आपटून समोरच्या भागात बारीक खळगा पडतो. सपाट पट्टी त्या खळग्याच्या कडांवरच टेकते, तळाला पोचत नाही. पट्टी सांगते 0.05, खरी फट असते त्याहून मोठी. आकडा बरोबर, तरी आवाज जात नाही, अशी तक्रार बरेचदा यामुळेच असते. इथे 'अजून थोडं आवळा' म्हणणं धोक्याचं.

यावर उपाय आहे आटे मोजण्याचा. स्क्रूचा आटा 0.5 मिमीचा असेल तर पूर्ण एका फेऱ्यात तो अर्धा मिलिमीटर सरकतो. मग 0.05 मिमीसाठी फेऱ्याचा दहावा भाग, म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर 6 मिनिटांएवढा कोन. स्क्रू हलक्या बोटांनी फट शून्य होईपर्यंत टेकवायचा आणि तिथून 6 मिनिटं मागे आणायचा. आटा 0.75 मिमीचा असेल तर हाच कोन 4 मिनिटांचा. म्हणून आपल्या स्क्रूचा आटा आधी नक्की करा. ही मोजणी खळग्याला फसत नाही. खळगा खोल असेल तर तो झिजलेला भाग बदलणं हाच खरा इलाज.

बुलेटवाल्यांसाठी

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला फिलर गेज लागत नाही. बाजूचं टॅपेट कव्हर उघडलं की पुशरॉड दिसतात. इंजिन थंड आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खडखडता कामा नये. इथे लागतात पातळ पाने आणि थोडा धीर. नंतरच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथे हे काम नाही.

कुठे मिळेल, काय विचारायचं?

जयनगर मेट्रो स्टेशनहून ग्रीन लाइनवर चौथं स्टेशन के. आर. मार्केट. तिथून एसजेपी रोडची हत्यारांची दुकानं जवळ आहेत. सुट्या भागांसाठी जे. सी. रोड. पुण्यात नाना पेठ, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. गेज वापरून झालं की तेलाचा हात फिरवून ठेवा, गंज चढला की जाडी बदलते. मुडपलेली पट्टी टाकून द्या.

स्वतः करायचं नसेल तरी चालेल. गॅरेजमध्ये फक्त वाक्य बदला. "आवाज बंद करा" ऐवजी म्हणा, "अण्णा, गाडी थंड झाल्यावर गेज लावून टॅपेट बघा आणि आकडा सांगा." चांगल्या मेकॅनिकला हे ऐकून राग येत नाही, उलट तो आकडा दाखवतो. तो आकडा, तारीख आणि किलोमीटर गाडीच्या कागदांसोबत लिहून ठेवा. पुढच्या वेळी फट कमी झालेली दिसली, तर व्हॉल्व्ह रुतत चाललाय हे वेळेत कळेल आणि हेड उघडायची वेळ येणार नाही.