छातीवर काय लिहिलंय?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका जर्सीवरून बोलाचाली झाली. धाकट्या पुतण्याने बाजारातून इंग्लंडमधल्या एका क्लबची जर्सी आणली. अर्थात नकली, तीनशे रुपयांची. मगरीबनंतर ती घालून तो दादींच्या खोलीत गेला. दादींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे, त्यामुळे सध्या त्यांना दिसेल त्याची चौकशी करायची हौस.

"बेटा, छातीवर काय लिहिलंय? क्लबचं नाव का?"

"नाही दादी, कंपनीचं."

"कसली कंपनी?"

पुतण्या गप्प. त्याच्या थोरल्या बहिणीने हसत हसत सांगून टाकले, "सट्ट्याची, दादी."

दादी काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी उशीपाशी ठेवला. याचे कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या पुतण्याने मोबाइलवर क्रिकेटच्या टीम लावता लावता कॉलेजच्या फीचे साडेआठ हजार रुपये घालवले होते. ते दादींनी साठवलेले पैसे होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या असल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, पण आमचे साडेआठ हजार काही परत आले नाहीत.

रात्री जेवताना विषय निघालाच. धाकटा चिडून म्हणाला, "सगळेच घालतात! करार क्लबचा असतो, खेळाडूला कोण विचारतंय?" त्याचे म्हणणे बव्हंशी बरोबरच होते. तरी एक खेळाडू आम्हांला आठवला, ज्याला कोणी विचारले नव्हते आणि तरीही त्याने सांगितले होते. त्या रात्री गोष्ट अर्धीच झाली, कारण रस्सा निवत होता. उरलेली इथे सांगतो.

त्याचे नाव फ्रेडरिक ओमर कानूते. जन्म 2 सप्टेंबर 1977 चा, फ्रान्समधल्या ल्यों शहराला लागून असलेल्या गावातला. वडील आफ्रिकेतल्या माली देशाचे, आई फ्रेंच. खेळाची सुरुवात ल्योंच्याच क्लबात झाली. 2000 साली तो लंडनच्या वेस्ट हॅमकडे गेला आणि 2003 मध्ये त्याच शहरातल्या टॉटनहॅमकडे. उंच, सडपातळ, पायांत घाई नाही. असा स्ट्रायकर पाहिला की काही प्रेक्षकांना तो आळशी वाटतो. इंग्लंडमध्ये कानूतेबद्दलही तसे बोलले जाई. गोल होत होते, पण हा पहिल्या रांगेतला खेळाडू आहे असे तिथे फारसे कोणी मानले नाही. वयाच्या विशीच्या आसपास त्याने इस्लामची वाट धरली होती. पुढे रमजानमध्ये रोजे ठेवूनही तो सामने खेळत असे.

मधल्या काळात एक निर्णय त्याला घ्यावा लागला. तरुणांच्या संघात तो फ्रान्सकडून खेळलेला होता. नियम बदलले तेव्हा 2004 मध्ये त्याने वडिलांचा देश निवडला. फ्रान्सच्या तुलनेत मालीचा संघ किती लहान, हे सांगायला नको. त्याच वर्षी ट्युनिशियात झालेल्या आफ्रिका चषकात त्याने चार गोल केले. सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो होता आणि माली चौथ्या क्रमांकावर आला.

मग 2005 मध्ये तो स्पेनला, सेव्हियाला गेला. त्याची खरी कमाई इथली. हे शहर आपल्या वाचकांना इश्बीलिया या नावाने जवळचे वाटेल. 1248 पर्यंत तिथे मुसलमानांचे राज्य होते. शहरातला हिराल्डा मनोरा मुळात मशिदीचा मिनार, आज तो कॅथेड्रलचा घंटाघर आहे. जवळून वाहणाऱ्या नदीला स्पॅनिश लोक ग्वादाल्किवीर म्हणतात. त्या शब्दातली 'वादी-उल-कबीर' अजून ऐकू येते.

या क्लबाने अठ्ठावन्न वर्षांत मोठा चषक जिंकलेला नव्हता. 10 मे 2006 रोजी आइंडहोव्हनला युएफा कपच्या अंतिम सामन्यात मिडल्सब्रोचा 4-0 असा पराभव झाला. शेवटचा गोल कानूतेचा. ऑगस्टमध्ये सुपर कपमध्ये बार्सिलोनाला 3-0 ने हरवले, त्यातही एक गोल त्याचा. पुढच्या वर्षी ग्लासगोमध्ये एस्पान्योलविरुद्ध जादा वेळेत त्याने गोल केला आणि पेनल्टीवर सेव्हियाने तोच चषक पुन्हा राखला. स्पेनच्या राजाचा चषक 1-0 ने जिंकला, तो एकुलता गोलही त्याचाच. इंग्लंडमध्ये आळशी वाटणारा माणूस तिशीच्या उंबरठ्यावर युरोपातल्या उत्तम आघाडीवीरांत मोजला जाऊ लागला. 2007 चा आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू तोच ठरला. आफ्रिकेबाहेर जन्मलेल्या खेळाडूला तो मान मिळण्याची ती पहिली वेळ.

आता जर्सीकडे येऊ. 2006 मध्ये सेव्हियाच्या जर्सीवर इंटरनेटवरून जुगार चालवणाऱ्या एका कंपनीचे नाव आले. कानूतेने सांगितले की, आपल्या धर्मात जुगार हराम आहे, ही जाहिरात अंगावर नको, आपल्याला कोरी जर्सी द्या. तो संघाचा मुख्य गोल करणारा होता म्हणून ऐकून घेतले गेले, हेही खरे. राखीव बाकावरच्या एकोणीस वर्षांच्या पोराने हेच म्हटले असते तर त्याचे काय झाले असते, याची कल्पना आम्हांला आहे. म्हणून ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्यावर आम्ही बोट ठेवणार नाही. पण ज्याचा शब्द चालतो त्याने तो इथे वापरला, ही गोष्ट लहान नाही.

धाकट्याने जेवताना नेमका प्रश्न टाकला, "मग पगार? तो त्याच तिजोरीतून येत होता ना?" हो, बेटा, त्याच तिजोरीतून. या प्रश्नाला आमच्याकडे धड उत्तर नव्हते, आजही नाही. एवढेच म्हणता येईल की, पगार कोठून येतो हे पाहणाऱ्यांना दिसत नाही, छातीवरचे नाव मात्र गल्लीतल्या पोरालाही दिसते. हे उत्तर अपुरे आहे, हे आम्हांला कळते.

पगाराचे पुढे काय झाले, ते मात्र सांगता येते. सेव्हियात मुसलमान जिथे नमाज पढत ती जागा भाड्याची होती. 2007 च्या अखेरीस करार संपत आला आणि जागा विकली जाण्याची वेळ आली. ज्या शहरात मिनार घंटाघर झालेला, तिथल्या मुठभर नमाजींना ही एक जागाही उरली नसती. कानूतेने स्वतःच्या पैशाने ती विकत घेतली. किंमत पाच लाख युरोंच्या वर होती. ही त्याची जवळजवळ वर्षभराची कमाई असल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. मालीची राजधानी बामाकोजवळ त्याने अनाथ मुलांसाठी 'सकीना' नावाचे बालग्रामही उभे केले.

त्याच 2007 सालातली आणखी एक जर्सी आहे. ऑगस्टमध्ये त्याचा सहकारी अंतोनियो पुएर्ता गेताफेविरुद्धच्या सामन्यात मैदानावर कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. अवघा बावीस वर्षांचा. आदल्या वर्षी उपांत्य सामन्यात शाल्केविरुद्ध जादा वेळेत याच मुलाने केलेल्या गोलामुळे सेव्हिया अंतिम फेरीत पोहोचले होते. त्याच आठवड्यात मोनॅकोला एसी मिलानशी सुपर कपचा सामना होता. सेव्हियाचे खेळाडू पाठीवर पुएर्ताचे नाव घेऊन उतरले आणि 3-1 ने हरले.

आणि तिसरी जर्सी. 7 जानेवारी 2009. गाझावर बॉम्ब पडत होते. राजाच्या चषकात देपोर्तिव्होविरुद्ध गोल केल्यावर कानूतेने अंगातली जर्सी वर उचलली. आतल्या काळ्या शर्टावर 'पॅलेस्टाइन' हा एकच शब्द निरनिराळ्या भाषांत लिहिलेला होता. पंचाने पिवळे कार्ड दाखवले, स्पेनच्या फुटबॉल महासंघाने तीन हजार युरोंचा दंड केला. मैदानावर असे संदेश दाखवायला बंदी आहे, नियम नियमच. आम्हांला मात्र जमाखर्च मांडायची जुनी खोड आहे. छातीवर जुगाराचे नाव लावले तर क्लबला लाखो युरो मिळतात आणि होरपळणाऱ्या लोकांचे नाव दाखवले तर तीन हजार भरावे लागतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील क्लबांनीही 2023 मध्ये ठरवले की, 2025-26 चा हंगाम संपल्यावर छातीवर सट्ट्याच्या कंपन्यांची नावे नकोत. बाही मात्र त्यांनी मोकळी ठेवली आहे. हे वाचून दादी पहिल्यांदा हसल्या.

कानूते 2012 पर्यंत सेव्हियाकडून खेळला. सगळ्या स्पर्धा धरून त्याने 136 गोल केले. मग थोडा काळ बीजिंगला खेळून त्याने निवृत्ती घेतली.

धाकट्याच्या जर्सीचे काय झाले, असे विचाराल. ती अजून दोरीवर आहे, आम्ही टाकून दे म्हटलेले नाही. परवा शिकवणीला जाताना त्याने ती उलटी घातली होती, शिवण बाहेर. रस्त्यावर पोरे हसली असतील. घरी आल्यावर त्याने मोठ्या भावाला विचारले, "ते साडेआठ हजार तू दादींना परत देणार आहेस का?" मोठ्याने मान खाली घातली. आता तो दर महिन्याला पाचशे देतो. दुसरा हप्ता कालच दादींच्या डब्यात पडला.