मैलाचा मोबदला की भाड्यातला टक्का?

दुकानात नवा माणूस ठेवताना व्यापारी घराण्यांत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. त्याला ठरलेला पगार द्यावा, की विक्रीवर कमिशन? मुरलेला विक्रेता बहुधा कमिशन मागतो. आपल्या हातून किती माल खपेल याचा त्याला अंदाज असतो. काल आलेल्या मुलाला मात्र हंगाम केव्हा येतो, कोणता माल पडून राहतो, कोणते गिऱ्हाईक नुसते भाव विचारून जाते, यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याला निव्वळ कमिशनवर ठेवणे म्हणजे पेढीची जोखीम त्याच्या डोक्यावर देणे होय. अमेरिकेत मालवाहू ट्रकचे चाक प्रथमच हाती घेणाऱ्या चालकापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. त्याचे उत्तर ज्यांचा माल ट्रकने येतो-जातो अशा प्रत्येक पेढीने समजून घेण्यासारखे आहे.

तेथील लांब पल्ल्याच्या चालकाला तासावर मजुरी क्वचितच मिळते. १९३८ च्या श्रम कायद्याने आठवड्याच्या ४० तासांपुढील कामाला दीडपट मजुरी ठरवली. परंतु राज्याराज्यांतून माल नेणाऱ्या ट्रकचालकांना त्या तरतुदीतून वगळण्यात आले. त्यामुळे दोन पद्धती प्रामुख्याने रूढ झाल्या. पहिलीत कापलेल्या प्रत्येक मैलामागे ठरावीक सेंट मिळतात. दुसरीत त्या फेरीच्या भाड्यातील ठरावीक टक्के मिळतात.

कागदावर टक्केवारी पुष्कळदा अधिक आकर्षक दिसते. समजा, फेरी १,००० मैलांची आहे, भाडे २,५०० डॉलर आहे, एका चालकाला मैलामागे ५५ सेंट आणि दुसऱ्याला भाड्याचे २५ टक्के ठरले आहेत. पहिल्याला ५५० डॉलर मिळतील, दुसऱ्याला ६२५. बाजार उतरून तेच भाडे १,७०० डॉलरवर आले, तर पहिल्याचे ५५० कायम राहतात आणि दुसऱ्याच्या हाती ४२५ पडतात. रस्ता तोच, तास तेवढेच आणि झोपेचे खोबरेही सारखेच. पुढचा माल उचलण्यासाठी १५० मैल रिकामा ट्रक न्यावा लागला, तर रिकाम्या मैलांचेही पैसे देणाऱ्या कंपनीत पहिल्याला साडेब्याऐंशी डॉलर अधिक मिळतील. दुसऱ्याला, वेगळा करार नसेल तर, काहीच नाही. रिकाम्या ट्रकला भाडे नसते आणि शून्याचा टक्का शून्यच असतो.

भाड्याचा भाव चालकाच्या हाती नसतो. १९८० च्या कायद्याने अमेरिकेतील मालवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण मोठ्या प्रमाणात सैल झाले आणि भाडे बाजाराच्या चढउतारावर सोपवले गेले. करोनाच्या साथीनंतर २०२१ मध्ये भाडी खूप चढली. २०२२ मध्ये ती उतरू लागली. चढत्या भावाकडे पाहून ज्याने टक्केवारी पत्करली, त्याचे गणित वर्षभरात बदलले. जुना चालक कोणत्या शहरातून परतीचा माल मिळत नाही हे जाणतो आणि शक्य असेल तेथे तशी फेरी नाकारतो. नव्याला नाकारण्याची मुभा बहुधा नसते. कंपनीचा नियोजक देईल तो माल त्याला उचलावा लागतो. ज्याला निवड नाही, त्याला निवडीचे बक्षीस देऊ करणे हा पोकळ व्यवहार ठरतो.

टक्केवारीत आणखी एक प्रश्न दडलेला असतो. टक्का कशाचा? माल पाठवणाऱ्याने दिलेल्या पूर्ण भाड्याचा, की दलालाचा हिस्सा वजा जाता उरलेल्या रकमेचा? इंधनाचा अधिभार त्यात धरला आहे की नाही? पंचवीस टक्क्यांपेक्षा सत्तावीस टक्के मोठे वाटतात, परंतु ज्या रकमेवर ते मोजायचे ती लहान असेल तर हाती कमीच येते. अमेरिकेच्या संघीय नियमांनी ही अडचण एका वर्गापुरती ओळखली आहे. स्वतःचा ट्रक कंपनीला भाडेकराराने देऊन टक्केवारीवर काम करणाऱ्या मालकाला, हिशेब चुकता करण्यापूर्वी किंवा त्याच वेळी, भाड्याच्या बिलाची प्रत द्यावी लागते. तो नियम कंपनीच्या पगारी चालकासाठी नाही. म्हणून टक्केवारी स्वीकारणाऱ्या नवख्याने बिल पाहण्याचा हक्क करारातच लिहून घेणे शहाणपणाचे असते. भागीदाराला वही दाखवायची नाही आणि नफा-तोटा मात्र त्याच्याशी वाटून घ्यायचा, याला कोणतीही जुनी पेढी भागीदारी म्हणणार नाही.

मैलाचा हिशेबही निर्दोष नाही. मैल म्हणजे कोणता मैल, हे तेथेही विचारावे लागते. काही कंपन्या ट्रकच्या मापकावरचे अंतर न धरता तक्त्यातील दोन ठिकाणांमधले जवळचे अंतर धरतात. अवजड वाहनाला बंदी असलेले रस्ते आणि कमी उंचीचे पूल टाळताना चालक १,०६० मैल चालतो आणि मोबदला १,००० मैलांचा मिळतो. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग धान्याच्या मापापुरता नाही, हे अशा वेळी कळते.

याहून मोठा दोष थांबण्याच्या वेळेचा आहे आणि तो दोन्ही पद्धतींत आहे. संघीय नियमांनुसार सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर चालकाचा १४ तासांचा कामाचा काळ सुरू होतो आणि त्यात त्याला अधिकाधिक ११ तास ट्रक चालवता येतो. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत ही नोंद विद्युत उपकरणाने होते. गोदामाच्या दारात माल उतरण्याची वाट पाहत सहा तास गेले, तरी सर्वसाधारणपणे ते १४ तास थांबत नाहीत. त्या दिवशी ट्रक चालवायला आठच तास उरतात. मैल घटतात, फेऱ्या घटतात आणि दोन्ही चालकांची मिळकत घटते. पुष्कळ ठिकाणी पहिले दोन तास विनामूल्य समजले जातात. त्यानंतर कंपनीने घेतलेला थांबण्याचा आकार चालकापर्यंत पोहोचतो की नाही, हे त्याच्या करारावर अवलंबून असते.

बुडालेली मिळकत चालक रस्त्यावर भरून काढू पाहतो. तो वेग वाढवतो, जेवण टाळतो, डोळे मिटत असताना आणखी एक तास रेटतो. पूर्वी स्वतः ट्रक चालवलेले अर्थतज्ज्ञ मायकेल बेल्झर यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात १९८० नंतर चालकांच्या वेतनाची आणि श्रमाची स्थिती कशी ढासळली हे मांडले. चालकाचे वेतन आणि अपघात यांचा संबंध तपासणाऱ्या त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत, अधिक वेतन घेणाऱ्या चालकांच्या हातून कमी अपघात होतात असे आढळले. वेतनाचा प्रश्न अशा रीतीने त्याच रस्त्याने मोटारीतून जाणाऱ्या अनोळखी कुटुंबाच्या जिवाशीही जोडलेला आहे.

तेव्हा नव्या चालकाला पहिल्या वर्षी मैलाचा दर अधिक हितकर ठरतो. परंतु त्याला तीन गोष्टींची जोड हवी. रिकाम्या मैलांचा मोबदला, थांबलेल्या तासांचा मोबदला आणि मंदीच्या आठवड्यातही मिळेल अशी किमान रक्कम. पुढे रस्ते, हंगाम आणि गिऱ्हाइके ओळखीची झाली, बिल पाहायला मिळू लागले आणि माल निवडण्याची काही मुभा आली, की टक्केवारी त्याच्या कौशल्याचे चीज करू शकते. उघड्या ट्रेलरवर अवजड यंत्रे किंवा लोखंड बांधून, झाकून नेण्याच्या कष्टाच्या कामात टक्का विशेष शोभतो. तेथे भाड्यात त्या कष्टाचेही मोल धरलेले असते.

महाराष्ट्रात मोबदल्याची रीत वेगळी आहे. येथे सामान्यतः महिन्याचा पगार आणि फेरीमागे भत्ता दिला जातो. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारण कामासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तरीही भिवंडीच्या गोदामांपुढे किंवा बाजार समितीच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकमधील माणसाची अवस्था अमेरिकन चालकाहून फार निराळी नसते. हमाल आले नाहीत, मुनीम जेवायला गेले, आधीची गाडी रिकामी झाली नाही. कारण कोणतेही असो, ते तास फेरीच्या भत्त्यात मोजले जात नाहीत.

वाहतूकदार आपल्या चालकाशी कोणता करार करतो हे माल मागवणाऱ्या पेढीच्या हाती नसते. गाडी दारात किती वेळ उभी राहते, हे मात्र बरेचसे तिच्याच हाती असते. गाडी केव्हा आली आणि रिकामी होऊन केव्हा सुटली, या दोन वेळा बिल्टीच्या पोचप्रतीवर लिहून खाली सही करायला मुनीमाला अर्धे मिनिट पुरते. महिनाअखेर त्या नोंदी वाहतूकदारासमोर ठेवून विलंबाचा आकार चुकता करताना एवढेच विचारावे, की यातले चालकाच्या हाती किती पोहोचले.