पहिले योगदान कुठे द्यावे?

आमच्या शाळेचा संगणक कक्ष रविवारी दोन तास उघडा असतो. गेल्या वर्षी त्या दोन तासांत मी ओपन सोर्स प्रकल्पांना हात घातला आणि पहिल्याच प्रयत्नात चुकलो. त्या चुकीतून माझे एक मत बनले. ते पटते का, हे तुम्ही ठरवा.

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, ते ओपन सोर्स. १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा कर्नल जगासमोर ठेवला. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच कर्नल आहे. जगभरातील लोकांच्या छोट्या-मोठ्या दुरुस्त्यांनी तो वाढला.

गिटहबवर अनेक प्रकल्प नवख्यांना जमतील अशा कामांवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ असे लेबल लावतात. लिबरऑफिसमध्ये अशा कामांना ‘ईझी हॅक्स’ म्हणतात. लेबल शोधा आणि काम उचला, एवढाच सल्ला सहसा मिळतो. मला तो अपुरा वाटतो. लेबल म्हणजे दारावरची ‘सुस्वागतम’ची पाटी. आत कोणी पाणी विचारणार आहे का, हे पाटीवरून कळत नाही.

ते जुन्या नोंदींवरून कळते. आधीच्या नवख्यांनी पाठवलेल्या पुल रिक्वेस्ट उघडून पाहा. उत्तर किती दिवसांनी आले? काम नाकारले असेल तर कारण सांगितले का? ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल आहे का, आणि तिच्यातल्या पायऱ्या आपल्या संगणकावर चालतात का? शेवटचा बदल कधी झाला? एवढे पाहायला अर्धा तास पुरतो, आणि तो वाया जात नाही.

आता माझी चूक. एका छोट्या प्रकल्पात मी ‘हे काम मी करतो’ असे लिहिले. पुढच्या रविवारी क्रॉस कंट्री होती, नंतर एनसीसीचा कॅम्प. तीन आठवड्यांनी पाहिले, तर दुसऱ्या एका नवख्याने ते काम दोनदा मागितले होते आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी माझ्यासाठी त्याला थांबवले होते. शेवटी त्यांनी माझे नाव काढून काम त्याला दिले. मला कोणी रागावले नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली. पहाऱ्यावरचा माणूस बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही, हे आपण रोज ऐकतो. मी तर न सांगताच निघून गेलो होतो.

म्हणून माझे म्हणणे असे की स्वागत दोन्ही बाजूंनी असते. प्रकल्प आपल्याला वेळ देतो, तो बहुतेकदा कोणाच्या तरी नोकरीनंतरचा वेळ असतो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट होता. त्यासाठी अनेकांनी निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. अखेर, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला आहे त्यांच्यातलेच काम मोजायचे, असा नियम आयोजकांना करावा लागला. आपल्याला हाऊस पॉइंट्सची सवय आहे. हा मोह आपण तरी ओळखायला हवा.

माझा वर्गमित्र म्हणतो, “दोन तासांत काय होणार? आणि प्रोग्रॅमिंग कुठे येतंय?” त्याला माझे उत्तर भाषांतर हे आहे. फायरफॉक्सची वाक्ये पॉन्टून या साइटवर मराठीत आणली जातात. आपण सुचवलेले वाक्य अनुभवी भाषांतरकार तपासतात. दहा वाक्ये सुचवून उठलो तर मागे कोणाचे काम अडत नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आणि दिवसभर इंग्रजी-हिंदीत बोलणाऱ्या आम्हा मुलांची मराठीही त्या निमित्ताने घासूनपुसून निघते.

मी स्वतः नंतर दुसऱ्या प्रकल्पात इन्स्टॉल करण्याच्या सूचनांमधली चुकलेली पायरी दुरुस्त केली. सगळ्या मिळून तीन ओळी होत्या. त्यातही एक सुधारणा सांगितली गेली, ती केली आणि काम स्वीकारले गेले. या वेळी मी सुरुवातीलाच लिहिले होते : ‘मला फक्त रविवारी उत्तर देता येते. दोन रविवार दिसलो नाही, तर काम दुसऱ्याला द्या.’

पहिले काम लहान असले तरी चालेल, पण ते कोणाच्या वाटेत पडून राहू नये.