मैदान भरलं, यादीचं काय?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी एका प्रचारसभेच्या गर्दीत उभा होतो. विशीतली मुलं मोबाईल उंचावून घोषणा देत होती, कॉलेजच्या मुलीही मोठ्या संख्येने आल्या होत्या. "या वेळी बदल हवाच," असं जो तो म्हणत होता. या गर्दीला 'भाड्याची' म्हणून हिणवणं मला पटत नाही. रखडलेली शिष्यवृत्ती, न मिळणारी नोकरी, मोहल्ल्यातलं तुंबलेलं गटार, आडनाव ऐकून नाकारलेलं घर, हे सगळं मनात घेऊन ही मुलं तिथे आली होती.

शेजारच्या चौघांना मी विचारलं, "यादीत नाव आहे का?" दोघं गप्प राहिले. एक म्हणाला, "आधार कार्ड आहे ना, भाई!"

मित्रांनो, खरी गोम इथे आहे. खिशात कोणतंही ओळखपत्र असो, मतदार यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. आणि उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. २०२४ ला ती तारीख २९ ऑक्टोबर होती आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. म्हणजे सभा रंगात आल्या, तोवर नाव घालायची वेळ निघून गेली होती. उमेदवारांची माणसं यादी समोर ठेवूनच हिशेब करतात. ज्याचं नाव त्यात नाही, त्याच्या घोषणेची किंमत त्यांना नेमकी ठाऊक असते.

"आपल्या मताने काय फरक पडतो?" असं घरातली मोठी माणसंही म्हणतात. त्या निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमची जागा ४८ मतांनी ठरली. माझ्या इंजिनीअरिंगच्या वर्गात याहून जास्त मुलं होती.

१९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. पूर्वी नव्या मतदारासाठी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही आहेत. १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. नवीन नावासाठी फॉर्म ६ आणि पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ भरायचा. दोन्ही फॉर्म निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, शिवाय आपल्या भागातल्या बीएलओकडेही देता येतात. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणी आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहणारे भाऊ यांनी हे आधी पाहावं. यादीतून सर्वात सहज निसटतात ती हीच नावं. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात, म्हणजे गटाराचा प्रश्नही शेवटी याच यादीपाशी येतो.

नाव लागलं की पुढचं काम सुरू होतं. उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात असतं. ते वाचून सभेला जाणारा तरुण टाळ्या वाजवेलच, पण प्रश्नही विचारेल.

या शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यात एक टेबल आणि एक लॅपटॉप घेऊन बसा. घराघरातल्या १७ ते २५ वयाच्या मुलामुलींची नावं यादीत तपासा, राहिलेल्यांचे अर्ज भरा. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका.