सिनेमा खिशात आला, प्रेक्षक कुठे गेला?

“सिनेमा आता प्रत्येकाच्या खिशात आला,” असे हल्ली मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. सांगणारे शिकलेसवरलेले असतात आणि बोलताना पुराव्यादाखल खिशातला मोबाइलही काढून दाखवतात. माझी एक साधी शंका आहे. खिशात रुमाल असतो, तंबाखूची पुडी असते, एस. टी.चे तिकीट असते. खिशात राहणारी वस्तू एकट्याची असते. सिनेमा ही एकट्याची वस्तू केव्हापासून झाली?

प्रथमच सांगून टाकतो, की माझे भांडण यंत्राशी नाही. यंत्राला नाके मुरडणाऱ्याने सिनेमाचे नावच काढू नये. आमच्याच मावळात, मळवलीला, राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. त्याच्यासाठी दादासाहेब फाळके लोणावळ्यास राहून शिळाछापाची कामे करीत. चित्रे छापता छापता हा माणूस पुढे हलत्या चित्रांच्या नादी लागला, १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आला, आणि वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण करून त्याने अंकुर लोकांच्या डोळ्यांदेखत वाढवून दाखवला. सरस्वतीबाई घरी बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडीत. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. ते फाळके आज असते तर रिळे उराशी धरून रडत बसले नसते. डिजिटल कॅमेरा हाती पडताच पेचकस घेऊन त्यांनी आधी तो उघडून पाहिला असता!

रिळांचे गोडवे गाणाऱ्यांना खेड्यातल्या रिळांची दशा ठाऊक नसावी. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, अर्थात चार किलोमीटरहून लांब पट्टी. अशी एकेक प्रत काढायला हजारो रुपये पडत, म्हणून प्रती मोजक्याच निघत. मुंबई-पुण्याचे पोट भरल्यावर त्या आमच्या वाटेला येत. तोवर पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडू लागलेला असे. रीळ तुटे, आणि जोडताना नायिकेचे अर्धे गाणे कात्रीत जाई. डिजिटलने ही दैना संपवली. मुंबईचा शुक्रवार आणि तालुक्याचा शुक्रवार एक झाला. जत्रेतल्या तंबूवाल्यांनीही रिळांची धूडे बाजूला सारून नवी यंत्रे आणली. फिल्मच्या फुटाफुटाचा हिशेब सुटला, तशी ज्याच्या पाठीशी ना पैसा ना घराणे, अशा पोरालाही कॅमेरा हाती धरण्याची हिंमत आली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

मग गेले काय? गेला तो प्रेक्षक. चित्रपट पाहणारे डोळे पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले, हे मला मान्य आहे. पण डोळे म्हणजे प्रेक्षक नव्हेत. हरिपाठ एकट्याने म्हणता येतो. कीर्तन एकट्याला करता येत नाही. बुवा कितीही रसाळ असोत, समोर माणसे नसतील तर त्याला कीर्तन म्हणत नाहीत. सिनेमाची जात कीर्तनाची आहे. शेजारचा हसला की आपण दुप्पट हसतो, आणि पुढच्या रांगेतल्या म्हातारीने पदर डोळ्यांना लावला की आपल्या घशात आवंढा येतो. १९३६ साली पुण्याच्या ‘प्रभात’ने दामले-फत्तेलालांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ काढला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. आमच्या जवळच्या भंडारा डोंगरावर बसणारे तुकोबा विष्णुपंत पागनीसांच्या रूपाने बोलू लागले, तेव्हा त्या थिएटरांचे देऊळ झाले. हे देऊळ गर्दीने उभे केले होते. तोच चित्रपट आज मोबाइलवर फुकट सापडतो. पाहणारा पाच मिनिटे पाहतो, मध्येच गॅसचा नंबर लागल्याचा निरोप येतो, आणि तुकोबा वैकुंठास न जाताच बंद होतात.

अलीकडचे उदाहरण घ्या. २०१६ साली ‘सैराट’ आला आणि अख्खा महाराष्ट्र थिएटरात लोटला. ‘झिंगाट’वर नाचणारी तीच पोरे शेवटी दगडासारखी बसून राहत. कारण अखेरच्या प्रसंगात दिग्दर्शकाने आवाजच काढून घेतला आहे. शेकडो माणसे असताना पडलेली ती शांतता हाच त्या चित्रपटाचा शेवट आहे. मोबाइलवर पाहणाऱ्याला वाटते, आवाज गेला! तो बोटाने कळ दाबून पाहतो. मग सांगा, त्याने ‘सैराट’ पाहिला असे म्हणायचे की नाही?

वर्गातल्या मुलांना मी सिनेमाची गोष्ट सांगायला लावतो. त्यांना नट ठाऊक असतात, संवाद पाठ असतात, नाच तर हुबेहूब करतात. गोष्ट मात्र सांगता येत नाही. त्यांनी सिनेमाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाहिलेले असतात. थोडी मोठी मुले सबंध चित्रपट पाहतात, पण दीडपट वेगाने! संथ प्रसंग आला की बोट पुढे सरकते. वेलबुट्टी उसवून लुगडे नेसावे तसला हा प्रकार आहे. ज्याला पडद्यावरच्या माणसाचे मौन दोन मिनिटे सोसवत नाही, तो उद्या घरातल्या म्हाताऱ्याचे बोलणे कसे ऐकून घेणार? माझी खरी चिंता सिनेमाची नाही. ती ह्या मुलांची आहे.

कोणी म्हणतील, “मास्तर, चांगले चित्रपट घरबसल्या मिळतात, हे काय थोडे आहे?” ‘द डिसायपल’ हा चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी चित्रपट २०२० साली व्हेनिसला मुख्य स्पर्धेत होता. उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक त्याने मिळवले. शास्त्रीय संगीतात आयुष्य झिजवणाऱ्या एका गायकाची ती कथा. २०२१ साली तो नेटफ्लिक्सवर आला आणि साऱ्या जगाला एकदम खुला झाला. परंतु ज्या भाषेतला तो, त्या भाषेची किती माणसे तो पाहायला एकत्र बसली? आपल्या गावात तो आणखी कोणी पाहिला, हे पाहणाऱ्यालाही कळत नाही. चित्रपट घरोघरी गेला आणि चावडीवर त्याची चर्चाच झाली नाही. सगळ्यांना मिळालेली आणि कोणाचीच न झालेली अशी ही संपत्ती!

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो खरा आहे. पाच माणसांचे कुटुंब मल्टिप्लेक्सात न्यायचे, वर मुलांच्या हाती लाह्यांचे ते सोन्याच्या भावाचे पुडे द्यायचे, हे भातशेती करणाऱ्याला किंवा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर जाणाऱ्याला परवडत नाही. त्याने तिथे जावे असे मी म्हणतही नाही. माझे म्हणणे इतकेच, की ज्या डिजिटल यंत्राने माणसे वेगळी केली, त्याच यंत्राने त्यांना एकत्र बसवणेही स्वस्त केले आहे. आज चार किलोमीटरची फिल्म लागत नाही, ती वाहायला ट्रक लागत नाही. एक लहानसा प्रोजेक्टर, एक पांढरी चादर आणि शाळेची भिंत एवढ्यात काम भागते. चित्रपटाच्या मालकाची रीतसर परवानगी मात्र घ्यावी. फुकटेपणाला कलेचे प्रेम म्हणू नये. गणपतीत डीजेच्या भिंतींवर वर्गणी उधळणाऱ्या मंडळांना वर्षातून चार चित्रपट दाखवणे जड नाही. अट एकच ठेवावी: मोबाइल घरी ठेवून सतरंजीवर बसायचे, आणि सिनेमा संपल्यावर लगेच उठायचे नाही. आवडला की नाही, का नाही, ह्यावर मुलांना बोलू द्यायचे.

वाचकहो, ह्या दिवाळीत घरातली सारी माणसे एका छताखाली येतील. फराळ होईल, आणि मग जो तो आपापल्या काचेत डोके घालून बसेल. एका घरात पाच माणसे आणि पाच सिनेमे! त्याऐवजी शेजारच्या दोन घरांना हाक मारा आणि एकच चित्रपट सगळे मिळून पाहा. आमच्या गावाच्या नावातच उंबरे आहेत, तेही नऊ लाख. त्यांतल्या प्रत्येक उंबऱ्याआड आज सिनेमा पोचला आहे. प्रेक्षक हवा असेल, तर माणसांना तो उंबरा ओलांडून बाहेर यावे लागेल.